खाचेतली पांढरी पूड : ब्रेक कॅलिपर घरी उघडण्यापूर्वी

पुढचा ब्रेक नीट लागत नाही म्हणून मोटरसायकल गॅरेजमध्ये नेली, की बहुतेक वेळा पॅड बदलून मिळतात. चार-आठ दिवस बरे जातात. मग एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजायला लागतो. लिव्हर सोडला तरी चाक मोकळं फिरत नाही, गाडी ढकलताना जड लागते, घाट उतरून थांबलं की पुढच्या चाकापाशी जळका वास येतो. पुन्हा गॅरेज, पुन्हा पॅड. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी तसा हा प्रकार आहे. पॅड झिजण्यासाठीच केलेला असतो. त्याला वेळेआधी झिजवणारा आरोपी कॅलिपरच्या पोटात बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर कॅलिपर उघडावाच लागतो.

कॅलिपर घरच्या घरी उघडून, साफ करून, नवी सीलं घालून परत बसवण्याचं काम या पुस्तिकेत पायरीपायरीने दिलं आहे. डोळ्यांसमोर ठेवली आहे ती आपल्याकडची नेहमीची रचना : १२५ ते २०० सीसीची मोटरसायकल, पुढच्या चाकाला एक डिस्क आणि तिच्यावर एक किंवा दोन पिस्टनचा फ्लोटिंग कॅलिपर. बोल्टचा आकार, सीलचा नंबर, टॉर्कचा आकडा गाडीगणिक बदलतो. तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. कामाची रीत मात्र सगळीकडे सारखी आहे.

ब्रेकसारखी गोष्ट घरी उघडावी का, ही शंका रास्त आहे. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. तरीही माझं उत्तर 'हो' असं आहे, कारण या कामाला कसबापेक्षा वेळ जास्त लागतो. सील किटची किंमत नव्या कॅलिपरच्या मानाने किरकोळ असते. पण पिस्टन बाहेर काढणं, खाचा कोरणं, धुणं, वाळवणं, तपासणं, जोडणं, एअर काढणं यात एका माणसाचा अर्धा दिवस सहज मोडतो. गॅरेजवाल्याच्या दारात तेव्हा दहा गाड्या उभ्या असतात आणि अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. मग तो एकतर पॅड बदलून देतो, नाहीतर अख्खा कॅलिपर नवा टाका म्हणतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. घरी काम करणाऱ्याकडे मात्र रविवार असतो. तो रविवार नीट वापरला तर घरचं काम बाहेरच्यापेक्षा सरस उतरतं; दुपारच्या जेवणाआधी उरकायचं म्हणून उरकलं, तर जिवावर बेततं. पुढच्या पानांतली प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम या यंत्रणेच्या मुळाशी आहे. समजा, बोटांनी लिव्हर ५ किलोच्या जोराने ओढला आणि लिव्हरच्या तरफेने तो सहापट झाला. म्हणजे मास्टर सिलेंडरच्या पिस्टनवर ३० किलो आले. मास्टर सिलेंडरचा व्यास १२.७ मिलिमीटर आणि कॅलिपरमधले दोन पिस्टन २७ मिलिमीटरचे असतील, तर दोन्हीकडच्या क्षेत्रफळांत नऊपटीचा फरक येतो. पॅडवर पडणारा जोर झाला सुमारे २७० किलो. दोन बोटांच्या बळावर एवढं मिळतं, पण फुकट मिळत नाही. जोर ज्या पटीने वाढतो त्याच पटीने सरकण्याचं अंतर घटतं : लिव्हर एक सेंटिमीटर आत आला, तर पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर पुढे जातो. म्हणूनच पॅड आणि डिस्क यांच्यातली फट केसाएवढी ठेवावी लागते. आणि म्हणूनच नळीत अडकलेला हवेचा एवढासा बुडबुडाही घात करतो. ब्रेक ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. लिव्हरचा सगळा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि पॅड जागचा हलत नाही.

ही केसाएवढी फट राखतं कोण? ड्रम ब्रेकमध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते. कॅलिपरच्या पिस्टनला अशी स्प्रिंग नसते. तिचं काम पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील करतं. पिस्टन ज्या भोकात बसतो त्याच्या भिंतीत एक खाच कोरलेली असते. सील त्या खाचेत बसतं आणि आतल्या कडेने पिस्टनला धरून राहतं. दाब आला की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलही त्याला न सोडता किंचित पुढे पिळवटतं. लिव्हर सोडला, दाब गेला, की सील मूळ आकारात परततं आणि येताना पिस्टनला सोबत मागे आणतं. मिलिमीटरचा एखादा-दुसरा दशांश, बस्स. पॅड झिजल्यावर पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. तेव्हा सीलचा पीळ पुरा पडत नाही, पिस्टन सीलमधून थोडा घसरतो आणि पुढची जागा धरतो. ड्रम ब्रेकसारखा डिस्क ब्रेक टाइट करून घ्यावा लागत नाही तो यामुळे. गळती अडवणं, पिस्टन मागे घेणं आणि झीज भरून काढणं ही तिन्ही कामं एक रबरी कडी करते. अख्ख्या कॅलिपरमध्ये यापेक्षा हुशार भाग नाही, आणि यापेक्षा दुर्लक्षितही नाही.

बिघाड सुरू होतो तोही इथेच. या सीलच्या बाहेरच्या बाजूला दुसरं, पातळ सील असतं. धूळ आणि पाणी अडवणं हे त्याचं काम. जुन्या कुकरच्या रिंगसारखं ते वर्षांनी कडक होतं, त्याला चिरा जातात, आणि पावसाचं पाणी मागे झिरपायला लागतं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा. ओलावा मिळाला की खाचेच्या तळाशी पांढरी पूड धरते आणि ती खाल्लेल्या धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. सीलला मागे सरायला वाव राहत नाही. ते आत ढकललं जातं आणि पिस्टनला आवळतं. आवळलेलं सील मोकळेपणी पिळवटू शकत नाही, त्यामुळे पिस्टन मागे येत नाही आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. बाहेरून पाहावं तर गळती नाही, पिस्टन चकचकीत, पॅडही अजून जाड. दुखणं असतं त्या पांढऱ्या थरात.

कोकणात हे लवकर दिसतं. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि लाल चिखलाचे शिंतोडे यांच्यापुढे धूळ-सील फार काळ तग धरत नाही. त्यातही सणासुदीपुरती वापरली जाणारी आणि एरवी पडवीत उभी असलेली गाडी जास्त भोगते. रोजच्या वापरातल्या गाडीचे पिस्टन निदान हलते राहतात, उभ्या गाडीचे जागीच धरतात. गणपतीला गावी आलेला चाकरमानी बॅटरी चार्ज करून इंजिन चालू करतो खरा, पण पुढचं चाक हलायला तयार नसतं.

डिस्क ब्रेक काही नवा नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. मोटरसायकलींच्या दुनियेत तो खऱ्या अर्थाने रुजला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक कारखान्यातूनच मिळू लागला तो या गाडीने. आपल्याकडे त्यानंतरही तीस वर्षं ड्रमचंच राज्य होतं. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या सगळ्या ड्रमवाल्या. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्यामुळे पुढची डिस्क मध्यमवर्गाच्या जिन्याखाली येऊन उभी राहिली. आज तर कॅलिपर आपल्या अंगणातच बनतात. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे लहान-मध्यम गाड्यांसाठीचे 'बायब्रे' कॅलिपर पुण्याजवळ चाकणला तयार होतात, आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचं माहेरघर आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र कॅलिपरबद्दल जो मजकूर असतो तो बहुधा 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' इथेच संपतो.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की आपल्या हातांच्या सवयी ड्रमच्या काळात घडल्या. ड्रम ब्रेक म्हणजे केबल, लायनर आणि मागचा नट. लायनर पॉलिश पेपरने घासा, ड्रम पेट्रोलने पुसा, नट आवळा, झालं. तिथे ते खपून जायचं, कारण आत ना द्रव होता ना सील. गाडी बदलली, पण पेट्रोलची वाटी आणि पॉलिश पेपर तसेच पुढे आले, आणि कॅलिपरचं सगळ्यात मोठं नुकसान हे दोघे करतात.

कॅलिपरची सीलं सहसा ईपीडीएम जातीच्या रबराची असतात. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं, की ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. पेट्रोलमध्ये बुचकळलेलं सील बसवताना चांगलंच दिसतं. ते पिस्टनला जखडतं पुढे, रस्त्यावर. म्हणून धातूचे भाग धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, सीलं बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, एवढ्याच वस्तू टेबलावर ठेवाव्यात. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल आणि गंज सोडवणारा स्प्रे यांना या कामात प्रवेश नाही. पॉलिश पेपरचंही तसंच. पिस्टनवरचा क्रोमचा थर पातळ असतो. सील जिथे टेकतं त्या पट्ट्यात खड्डा पडला असेल, तर घासून तो जात नाही, उलट आजूबाजूचा क्रोमही जातो. तो पिस्टन बदलायचा.

आता त्या खाचेकडे येऊ, कारण सगळं काम तिच्यासाठी आहे. जुनं सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने उचलून काढलं, की खाच मोकळी दिसते आणि साफ वाटते. इथेच भले भले फसतात. बॅटरी तिरपी धरून बघा. जिथे खाचेचा तळ आणि भिंत मिळतात, त्या मागच्या कोपऱ्यात चुन्यासारखी कड दिसेल. बोट तिथवर पोचत नाही. पितळेची जाड तार घेऊन तिचं टोक वाकवायचं, कानशीवर चपटं करायचं आणि ही छोटी खुरपी कोपऱ्यातून गोल फिरवायची. आधी पूड पडते, मग पापुद्रे सुटतात. हाताला खरखर लागत राहते. मध्ये मध्ये अल्कोहोलने धुऊन, वाळवून, पुन्हा बॅटरी. खरखर पूर्ण थांबून टोक सुळकन फिरायला लागेपर्यंत खाच साफ झाली असं म्हणायचं नाही. एका पिस्टनला दोन खाचा, दोन पिस्टनना चार. स्टीलच्या टोच्याने हे काम झटपट होतं, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो, आणि खाचेच्या तळावरचा आडवा ओरखडा म्हणजे ब्रेक ऑइलला बाहेर पडायला करून दिलेली वाट. गॅरेजमध्ये जो वेळ कुणी विकत घेत नाही तो हाच.

ब्रेक ऑइल कोणतं घालायचं हे मास्टर सिलेंडरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या घराण्यातली. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, साधारण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो किमान १५५ असला तरी चालतो. ग्लायकॉल हवेतला ओलावा सतत ओढत असतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि फोडलेली बाटली फडताळात ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही.

हे ७५ अंश गावात फिरताना जाणवत नाहीत, घाटात जाणवतात. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो धरले, तर ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबताना सुमारे ३० किलोज्यूल उष्णता तयार होते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची सुमारे १,३०० मीटरने कमी होते. तेवढ्या उतारावर याच गाडीची २,८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ६० वरून नव्वद वेळा थांबण्याइतकी. थोडी वाऱ्यात जाते, खालचा गिअर ठेवला तर बरीचशी इंजिन घेतं, उरलेली ब्रेकला झेलावी लागते. अशा वेळी पिस्टन आवळलेला असेल, तर पॅड दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यातही घासत राहतो आणि डिस्कला निवायला उसंत मिळत नाही. कॅलिपरमधलं पाणी प्यायलेलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि मघाशी घट्ट असलेला लिव्हर पुढच्या वळणावर ग्रिपला टेकतो. पांढरी पूड आणि शिळं ऑइल ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत. घाटात ती एकमेकांना सामील होतात.

कॅलिपरला हात घालण्याआधी दोष तिथेच आहे ना, हे ठरवलं पाहिजे. त्याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक जमिनीपासून उचला, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते अडकत असेल, तर ब्लीड निपलला नळी लावून रिंग पान्याने तो पाव फेरा सैल करा. थोडं ऑइल बाहेर येऊन चाक मोकळं झालं, तर दाब वरून परत जात नाही असा त्याचा अर्थ : मास्टर सिलेंडरमधलं परतीचं बारीक भोक तुंबलंय किंवा ब्रेकची नळी आतून सुजली आहे. चाक तसंच अडकलेलं राहिलं, तर आरोपी कॅलिपर. मग पॅड बघा. आतला जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल, किंवा पॅड तिरपा झिजला असेल, तर सरकत्या पिनाही संशयितांत घ्या. पुष्कळदा तिथलं ग्रीस वाळून चिकटा झालेला असतो.

या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण पिस्टन बाहेर काढण्याचा. कॅलिपर सोडवून पंक्चरवाल्याकडे न्यायचा आणि हवा मारून पिस्टन उडवायचा, ही पद्धत सर्रास चालते. कॉम्प्रेसर १०० पीएसआयवर असेल, तर २७ मिलिमीटरच्या पिस्टनमागे सुमारे ४० किलोचा जोर उभा राहतो, आणि अडकलेला पिस्टन सुटला की कोंडलेली हवा तो सगळा एका झटक्यात मोकळा करते. समोर बोट आलं तर ते चिरडतंच. या पुस्तिकेत हवेची कृती मुद्दाम दिलेली नाही. कॅलिपर फोर्कवरून उतरवायचा, पॅड काढायचे, नळी जोडलेलीच ठेवायची आणि लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन बाहेर आणायचे. मास्टर सिलेंडरच्या टाकीतलं ऑइल मध्ये मध्ये भरत राहायचं. दोनपैकी एक पिस्टन आधी धावायला लागतो. त्याला लाकडी पट्टीने अडवून दुसऱ्याला बरोबरीला आणायचं, कारण एक पूर्ण बाहेर पडला की दाब संपला आणि दुसरा आतच राहिला. पक्कडीने पिस्टन धरून पिळायचा मोह आवरावा, दातांचे वण क्रोमवर कायमचे उमटतात. लिव्हरच्या जोराने पिस्टन निघतच नसेल, तर त्या कॅलिपरचं काम घरचं राहिलं नाही असं समजावं.

बाकीची काळजी थोडक्यात. ब्रेक ऑइल रंग खातं. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका आणि थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटं धुऊन डॉक्टर गाठा. क्लीनर आणि अल्कोहोल पेट घेतात, तेव्हा स्वयंपाकघर आणि देवघर या कामाच्या जागा नाहीत. क्लोरिनवालं क्लीनर मारलेला भाग वेल्डिंगजवळ नेऊ नका, त्यातून विषारी वायू होतो. पॅडची काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. जुन्या किंवा नाव-गाव नसलेल्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि काढलेलं ऑइल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तशीच ठेवायची जी पद्धत घरोघर दिसते, ती लहान मूल असलेल्या घरात तर अजिबात नको. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, झाकण घट्ट लावा, आणि गटारात न ओतता गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या डब्यांकडे पोचवा.

कुठे थांबायचं याला पुस्तिकेत वेगळं प्रकरण दिलं आहे, आणि ते आधी वाचावं अशी विनंती आहे. कॅलिपरला तडा असेल, भोकाच्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील, निपलचे किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर दुरुस्ती नाही, नवा कॅलिपर. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले, दोन अर्धे बोल्टने जोडलेले कॅलिपर कंपनीने उघडायला मनाई केली असेल, किंवा मधलं छोटं सील मिळत नसेल, तर अर्धे वेगळे करू नयेत. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं. अशा गाडीचा कॅलिपर उघडता येतो, पण ऑइल पूर्ण निथळून मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली, तर काही गाड्यांत ती कंपनीच्या निदान-यंत्राशिवाय निघत नाही. नळीचं तोंड लगेच बंद करून वर टांगून ठेवायचं ते यासाठी.

आपल्याला जुगाडाचं कौतुक फार. तुटलेला आरसा तारेने बांधला तर काही बिघडत नाही. पण नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टखाली जुनंच तांब्याचं वॉशर उलटं करून घालणं, गेलेल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं, झिरपणाऱ्या जागी एम-सील थापणं, 'चालतंय की' म्हणून फुगलेलं सील परत दाबून बसवणं, हे सगळं घरासमोर फेरी मारताना खरोखरच चालतं. ते उघडं पडतं पूर्ण ताकदीने लिव्हर ओढल्यावर, म्हणजे समोर कुणीतरी आडवं आल्यावर. म्हणून सील, वॉशर आणि कॉटर पिन या वस्तू एकदा निघाल्या की कचऱ्यात जातात, मग त्या कितीही नव्या दिसोत.

पुस्तिकेचे चार भाग आहेत : दोष ओळखणं, उघडणं आणि साफसफाई, तपासून निवड करणं, आणि जोडणी. प्रत्येक भागाच्या शेवटी एक यादी आहे. ती भिंतीवर चिकटवून कामाच्या ओघात टिकमार्क करण्यासाठी आहे. आतला मजकूर आधी एकदा सलग वाचावा, सुटे भाग हाती येईपर्यंत गाडी उघडू नये. अर्धवट उघडलेला कॅलिपर आणि बंद दुकान ही जोडी घाईला आमंत्रण देते.

शेवटचा मुद्दा तपासणीचा. गॅरेजमध्ये पोऱ्या काम करतो आणि मिस्त्री हात फिरवून बघतो. घरी करणाराही आपण आणि पास करणाराही आपणच. हे चांगलं नाही. घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी यादी हातात देऊन एकेक गोष्ट विचारायला सांगा. त्याला गाडीतलं काही कळत नसलं तरी चालेल, उत्तर मात्र बोल्टवर बोट ठेवून द्यायचं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले का? आवळल्यावर रंगाची खूण केली का? लिव्हर पंप केला का? कारण जोडणीनंतर पिस्टन आत ढकललेले असतात आणि पहिल्यांदा लिव्हर रिकामाच ग्रिपला टेकतो. पूर्ण जोराने लिव्हर एक मिनिट धरून ठेवला, तर तो हळूहळू आत जातो का? निपल आणि बँजोभोवती टिश्यू पेपर फिरवला तर तो ओला होतो का? लिव्हर सोडल्यावर चाक लगेच मोकळं फिरतं का? हे सगळं जमलं, की सपाट, मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पहिली फेरी, मागचा ब्रेक तयार ठेवून. मग वेग थोडा थोडा वाढवत काही थांबे. नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढा अवसर द्यावा लागतो.

यातलं एक जरी उत्तर चुकलं, तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पुन्हा उघडायची, आणि दुसऱ्यांदाही तेच झालं तर टेम्पोत घालून गॅरेजला पाठवायची. टेम्पोवाला हसेल, शेजारी विचारतील, खर्च होईल तो वेगळा. तो खर्च या कामाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरून ठेवावा. तेवढी तयारी असलेल्याने हे काम जरूर घरी करावं.